मुक्या गाइडची सहल

गेंट शहरात गाइडचं काम करणारी माणसं पुष्कळ आहेत. पण स्वतःच्या घरी स्वयंपाकघरातून बैठकीच्या खोलीत जाताना "आता आपण डावीकडे वळू या, पायरी सांभाळा" असं म्हणणारा एकटा लीवन फरमोलन. आपण असं म्हणतो हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. त्याच्या बायकोला, हिल्डेला, ठाऊक होतं. ती वीसेक वर्षं ती पायरी सांभाळत होती.

मे महिन्यातल्या एका रविवारी दोघं टेबलाशी बसून कोळंबी सोलत होती. हे काम हाताने करायचं असतं आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे आमच्याकडे लग्न ठरवणं, मोडणं, वाटण्या वगैरे विषय कोळंबी सोलतानाच निघतात.

"मी सप्टेंबरपासून ऑस्टेंडला राहायला जाईन म्हणते," हिल्डे म्हणाली. "रीताकडे. तिची एक खोली रिकामी आहे. खिडकीतून समुद्र दिसतो."

रीता म्हणजे हिल्डेची थोरली बहीण. लीवनने हातातली कोळंबी खाली ठेवली. त्याला धक्का बसला होता, यात शंका नाही. पण माणसाचं तोंड धक्क्याच्या आधी सुरू होतं.

"ऑस्टेंड," तो म्हणाला. "तिथल्या वेढ्याची एक गंमत आहे, स्पॅनिश लोकांनी जेव्हा—"

"हे," हिल्डे म्हणाली. "हेच. याच्यामुळे."

ती कानाच्या मशीनच्या दुकानात काम करत असे. लोकांच्या कानाची मापं घ्यायची, मशीन बसवायचं, शिट्टी वाजू लागली तर ती बंद करून द्यायची. "दिवसभर ऐकू न येणाऱ्या माणसांत असते मी," ती म्हणाली. "ती निदान मशीन घ्यायला तरी येतात. घरी आलं की तू. मी काही सांगायला तोंड उघडलं की तू एखादा मनोरा बांधायला काढतोस."

लीवनने यावर बचाव केला नाही. त्याला जे काही सुचत होतं ते सगळं मनोऱ्यांबद्दलच होतं.

जुलैतल्या सहलीची तिकिटं आधीच काढलेली होती. आखेन, कोलोन, वुर्त्सबुर्ग, रेगेन्सबुर्ग, व्हिएन्ना, रेल्वेने, सहकुटुंब. हिल्डेने अट घातली ती याच सहलीची. सबंध प्रवासात लीवनने एकाही इमारतीबद्दल एक अक्षर सांगायचं नाही. जमलं, तर सप्टेंबरचं पुन्हा बघू. नाही जमलं, तर ती व्हिएन्नाहून थेट ऑस्टेंडला जाईल. कपडे मागाहून पाठवावेत.

पंच म्हणून मुलीला नेमण्यात आलं. फीन सतरा वर्षांची होती आणि आईबापांमध्ये न्यायनिवाडा करण्याची संधी कुठल्याही सतरा वर्षांच्या मुलीने सोडलेली नाही.

"किल्ल्यांचं काय?" तिने विचारलं.

"किल्ला ही इमारतच," हिल्डे म्हणाली.

"पूल?"

"पूलसुद्धा."

"पुतळे?"

"पुतळे तर आधी."

"मला विचाराल तर," कोपऱ्यातून मेमे म्हणाली, "मला आपला समुद्रच बरा वाटतो." मेमे म्हणजे हिल्डेची आई. तिला कुणीही विचारलं नव्हतं. पण सहलीला तीही होती, कारण तिला एकटं ठेवलं की ती शेजाऱ्यांना फोन करून आपल्याला एकटं ठेवल्याचं सांगायची.

छत्रीवरून थोडा वाद झाला. गाइड लोक मिटलेली छत्री डोक्यावर धरून चालतात, म्हणजे मागच्या कळपाला दिसतं. लीवनची छत्री लालभडक होती आणि ती नसली की त्याला हात कुठे ठेवावा कळत नसे. शेवटी पाऊस पडला तर डोक्यावर उघडायची, एरवी काठीसारखी जमिनीकडे टोक करून न्यायची, या शर्तीवर तिला परवानगी मिळाली.

आखेन बरं गेलं. सम्राट शार्लमेनच्या सिंहासनासमोर लीवन दोन्ही हात खिशात कोंबून उभा राहिला आणि बाहेर आला तेव्हा एक खिसा उसवलेला होता. हिल्डेने तो पाहिला. संध्याकाळी तिने सुई-दोरा मागून आणला.

कोलोनला परीक्षा कठीण होती. भल्याथोरल्या कॅथीड्रलसमोर दुसराच कुणी गाइड आपल्या मंडळींना सांगत होता की हे सगळं एका दमात बांधून झालं. लीवनचे कान लाल झाले. मध्ये कित्येक शतकं काम बंद पडून दगड उचलायची नुसती यारी मनोऱ्यावर उभी होती, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. तेव्हा तो समोरच्या टपरीवर गेला, तळलेल्या बटाट्यांचा मोठा पुडा घेतला आणि तोंडात कोंबत राहिला. तळलेल्या बटाट्यांचा अभिमान बाळगणाऱ्या बेल्जियमच्या माणसाने ते परमुलखात खावेत, याहून मोठं प्रायश्चित्त आमच्यात नाही. मेमेने तर मान फिरवली.

"कसे आहेत, पापा?" फीनने विचारलं.

"चांगले आहेत," लीवन म्हणाला. सहलीतलं त्याचं हे पहिलं खोटं.

वुर्त्सबुर्गला मात्र पाय घसरला. तिथल्या राजवाड्यात जिन्यावर एक चित्रांचं छत आहे. ज्याने आयुष्यभर छतं दाखवली त्याला त्या छताखाली गप्प उभं करणं, म्हणजे बोक्यासमोर मासळी ठेवून त्याला पोथी वाचायला सांगणं. लीवन घाईघाईने शौचालयात गेला, दार लावलं आणि समोरच्या पांढऱ्या फरश्यांना सगळं सांगून टाकलं. छतावर चितारलेले चारही खंड, त्यातले उंट, हत्ती, मगर, चित्रकाराने कोपऱ्यात काढलेला स्वतःचा चेहरा. हळू आवाजात, पण काही न वगळता. झाल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की तो शौचालयात नेहमीच्याच कामाला आला होता हे बाहेरच्या कुणालाही पटलं असतं.

"आभारी आहे," शेजारच्या कप्प्यातून आवाज आला. "फक्त मगर कुठल्या बाजूला, ते कळलं नाही."

तो गृहस्थ एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण बाहेर आल्यावर त्याने हिल्डेचा हात हातात घेऊन "तुमचे यजमान काय सांगतात हो!" असं सांगितलं.

पंचांनी सगळ्यांना बागेत बाकावर बसवलं.

"भिंतीला सांगितलं," लीवन म्हणाला. "माणसाला नाही."

"शेजारी माणूस होता."

"मला काय माहीत? मी खाली वाकून पाय बघायचे का?"

फीनने आईकडे पाहिलं. हिल्डे कारंज्याकडे बघत होती.

"शौचालय ही इमारत धरायची नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा नाही. लीवन, मी गंमत करत नाहीये. रीताने खोलीला रंग दिलाय."

रंगाचं ऐकलं आणि लीवनला पहिल्यांदा ती खोली दिसली. भिंती, पलंग, खिडकी, खिडकीशी पाठमोरी हिल्डे. त्याने आयुष्यात हजारो खोल्या लोकांना दाखवल्या होत्या. कोण कुठे जन्मलं, कोण कुठे मेलं. या खोलीबद्दल त्याला काहीही सांगता आलं नसतं. त्या दिवशी तो जेवताना मीठसुद्धा बोटानेच दाखवून मागत होता.

रेगेन्सबुर्गला पोचले त्या सकाळी डॅन्यूबवर दोन मोठ्या बोटी लागल्या होत्या आणि सगळं गाव बोटीवरच्या पेन्शनरांनी भरलेलं होतं. कॅथीड्रलच्या चौकात मेमे हरवली. खरं म्हणजे ती सावलीतल्या बाकावर बसून पिशवीतला मसाल्याचा केक खात होती, पण चौकात अशा केक खाणाऱ्या म्हाताऱ्या पुष्कळ होत्या.

"मेमे!" लीवन ओरडला. गर्दीत हाक पोचेना. तेव्हा त्याने जे केलं ते डोक्याने नव्हे, दंडाने केलं. मिटलेली लाल छत्री सरळ वर गेली.

मेमेने ती पाहिली. तिच्याबरोबर आणखी चाळीसेक जणांनी पाहिली.

ते हॉलंडवाले होते. बोटीवरच्या त्यांच्या गाइडबाईची छत्रीही लाल होती आणि ती बाई गर्दीत केव्हाच पुढे निघून गेली होती. शिस्तीची माणसं. छत्री दिसताच पाण्याच्या बाटल्या पिशवीत गेल्या, टोप्या सरळ झाल्या आणि सगळा जथा लीवनभोवती अर्धगोल करून उभा राहिला.

"चला," पुढचा उंच गृहस्थ म्हणाला. त्याने अर्धी चड्डी घातली होती, आणि हॉलंडच्या माणसाने अर्धी चड्डी घातली की तो साऱ्या जगाचा पाहणी अधिकारी होतो. "आम्ही तयार आहोत."

"मी गाइड नाही," लीवन म्हणाला.

सगळे खदखदून हसले.

"अरे, बेल्जियन आहे!" कुणीतरी म्हणालं. भाषा एकच, पण त्याच्या उच्चारावरून त्यांनी ओळखलं होतं. हॉलंडात बेल्जियन माणसांवरचे विनोद लहानपणापासून शिकवतात, त्यामुळे बेल्जियन माणूस काहीही म्हणाला तरी ते पुढच्या ओळीची वाट बघतात.

"खरंच नाही. मी सुट्टीवर आहे."

"हातात छत्री, पायात जाड तळाचे बूट, आणि म्हणतो सुट्टीवर आहे!" उंच गृहस्थ डोळे पुसत म्हणाला. "मजेदार माणूस. चला, चला."

लीवनने मेमेला हाताला धरलं आणि निघाला. जथा निघाला. त्याने पाय उचलला, त्यांनीही उचलला. तो गल्लीत शिरला, तेही शिरले. मेमेला पायाच्या कुरुपासाठी पट्ट्या हव्या होत्या म्हणून तो एका औषधाच्या दुकानात गेला, तर सगळे आत आले. लाकडी खणांचे फोटो काढले, औषधवाल्याला "किती जुनं आहे हो?" विचारलं आणि पट्ट्या घेण्याची इथली काही परंपरा असावी अशा समजुतीने तिघांनी पट्ट्या घेतल्या.

"काही बोलत नाही हा," एक बाई म्हणाली.

"हीच नवी पद्धत आहे," उंच गृहस्थाने समजावलं. "आपल्यालाच बघायला लावतात. मागच्या वर्षीचा तो बडबड्या आठवतो ना? कंटाळा आणला होता मेल्याने."

हिल्डे आणि फीन मागून चालल्या होत्या. फीनच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. हिल्डे हसत नव्हती. ती नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. त्या मानेत किती इमारती अडकल्या आहेत हे जगात तिच्याइतकं कुणाला कळलं नसतं.

अशा रीतीने वरात नदीवरच्या दगडी पुलावर आली. पुलाच्या मध्यावर कठड्यालगत एक खांब आहे, खांबावर दगडाचं इवलंसं छप्पर आणि छपरावर दोन्हीकडे पाय सोडून बसलेला एक जवळजवळ उघडा दगडी माणूस. एक हात कपाळावर धरून तो गावाकडे बघत असतो. इथे येऊन गाइड थांबला नाही तर त्याचा परवाना काढून घ्यावा. लीवन थांबला, मेमे दमली होती म्हणून. पण थांबला.

अर्धगोल झाला. पुढे एक किडकिडीत आजीबाई आली आणि वर बोट करून म्हणाली, "हा कोण? आणि याचे कपडे कुठे गेले?"

लीवनचं तोंड उघडलं.

पूल बाराव्या शतकातला. असा दगडी पूल तेव्हा दूरवर कुठे नव्हता. गोष्टीतला पूल बांधणारा, त्याची कॅथीड्रल बांधणाऱ्याशी लागलेली पैज, त्यात सैतानाने लावलेला हातभार, आणि हा पुतळाही मूळचा नव्हे, आधीच्याचे अवशेष संग्रहालयात. हे सगळं एकमेकांचा हात धरून त्याच्या जिभेवर येऊन उभं राहिलं. त्याने समोर पाहिलं. हिल्डे त्याच्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. निघालेल्या गाडीच्या खिडकीतून फलाटाकडे बघतात तसं ती बघत होती.

लीवनने तोंड मिटलं आणि छत्रीची मूठ दातांत धरली.

"काय म्हणाले?" आजीबाईने विचारलं. "मला ऐकू नाही आलं."

"काहीच नाही म्हणाले."

"काय?"

तिचं कानातलं मशीन बारीक शिट्टी वाजवत होतं. हिल्डे पुढे झाली. तिने "जरा मान वळवा बघू" म्हणत मशीन काढलं, झग्याच्या काठाने पुसलं, परत नीट बसवलं. शिट्टी थांबली. आजीबाईने सबंध नदी ऐकली.

"अगं बाई," ती म्हणाली. "तर मग हा कोण?"

चाळीस माणसं हिल्डेकडे बघत होती. तिने मागे सरकायला एक पाय उचलला, आणि मग तो तिथेच ठेवला.

"हा पूल," हिल्डे म्हणाली, "रोमन लोकांनी बांधला."

छत्रीच्या मुठीत लीवनचे दात रुतले.

"आणि हा पूल बांधणारा. फार हुशार माणूस होता. पूल पुरा झाला तेव्हा तो बायकोला दाखवायला घेऊन आला. हा दगड कुठून आणला, ही कमान कशी पेलली, सगळं सांगत पुढे पुढे चालला. गाव कौतुकाने ऐकत होतं. माणूस सांगायचाही छान. अर्ध्यावर आल्यावर त्याने मागे वळून विचारलं, कसा वाटला पूल? तर मागे बायको नव्हती."

"कुठे गेली?" उंच गृहस्थाने विचारलं.

"ते त्याला कसं कळणार? तो पाठमोरा होता. तेव्हापासून असा उंचावर बसून शोधतोय. कपडे घालायचंही सुचलं नाही."

कुणी हसलं नाही. खालून पाणी कमानींना घासून जात होतं. आजीबाईने मान वर करून त्या दगडी माणसाकडे पाहिलं. "मेल्याने आधी वळायचं होतं," ती म्हणाली. "मग? आली का परत?"

"ते अजून ठरायचंय," हिल्डे म्हणाली.

उंच गृहस्थाचं समाधान होईना. त्याने हाताची घडी घातली. "गोष्ट चांगली आहे. पण आम्ही माहितीपत्रकात वेगळं वाचलंय. रोमन कसे?" तो लीवनकडे वळला. "तुम्ही गाइड. तुम्ही सांगा. हा पूल कुणी बांधला?"

फीनचं हसू थांबलं. मेमेने केकचा घास तसाच धरून ठेवला.

लीवनने मूठ दातांतून काढली. आयुष्यात त्याने चुकीचं शतक सांगितलं नव्हतं. एकदा तापात असताना डॉक्टरने गेंटच्या घंटाघराबद्दल काहीतरी भलतंच म्हटलं, तर त्याने थर्मामीटर तोंडातून काढून दुरुस्ती केली होती.

"बाईंनी सांगितलं तसंच आहे," तो म्हणाला. "रोमनांनी."

आणि त्याने छत्रीचं टोक जमिनीकडे केलं.

तेवढ्यात खरी गाइडबाई आपली लाल छत्री नाचवत, धापा टाकत पुलावर आली. आपली माणसं पाहून तिला रडूच कोसळायचं बाकी होतं. लगेच उसनं अवसान आणून तिने सुरुवात केली: "तर मंडळी, बाराव्या शतकात—"

"रोमन," उंच गृहस्थ म्हणाला.

"माफ करा, पण हा पूल—"

"रोमन लोकांनी बांधला," आजीबाईने ठणकावलं. "आम्हाला त्या बेल्जियन बाईने नीट समजावून सांगितलंय. तुम्ही कुठे होतात?"

फरमोलन कुटुंब पुलाच्या दुसऱ्या टोकाकडून सटकलं. लीवन पाठीमागून चालला होता, हिल्डेच्या मागे. त्याला ती जागा नवीन होती. तिथून तिच्या मानेवरची एक पांढरी बट दिसत होती, जी केव्हा आली त्याला ठाऊक नव्हतं.

दुपारी व्हिएन्नाच्या गाडीत समोरासमोर जागा मिळाल्या. मेमे पायाला पट्टी लावून झोपली. हिल्डे बाहेर बघत होती.

"बरं सांगितलंस," लीवन म्हणाला. "आणि मागच्या रांगेकडेही बघत होतीस. ते फार थोड्यांना जमतं."

"पंचांची हरकत?" हिल्डेने फीनला विचारलं.

"यात इमारत नाही," फीन म्हणाली.

गाडी पुढे चालली. शेतं, एक नदी, एक कांद्यासारखा घुमट. लीवनने घुमटाकडे पाहिलं आणि नजर बुटांवर आणली.

"रोमनांनी नव्हता ना बांधला?" हिल्डेने विचारलं.

लीवन चमकला. पहिल्यांदा ती भेटली तेव्हा त्याच्या पहिल्यावहिल्या फेरीतल्या कंटाळलेल्या लोकांत तिने एकटीनेच प्रश्न विचारला होता. त्यानंतर तिने कधी काही विचारलं होतं का, हे त्याला आठवेना. विचारायला जागाच कधी ठेवली नसेल त्याने.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला.

"मग खरं काय आहे? सांग. एकच वाक्य, हं. लीवन, एकच."

"पंच?"

"एक वाक्य चालेल," फीन म्हणाली, आणि मोबाइल बाजूला ठेवला.

लीवनने घसा साफ केला आणि वाक्याला हात घातला. ते बाराव्या शतकातल्या एका दुष्काळात सुरू झालं, जेव्हा नदीचं पाणी आटलं, आणि ज्यात खांब रोवता आले, ज्यांच्यामुळे व्यापारी आले, ज्यांच्यामागून धर्मयुद्धाला निघालेले राजे आले, आणि त्या राजांपैकी एकाच्या घोड्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाणं अशक्य होतं. पासाऊ स्टेशन आलं आणि गेलं. वाक्य अजून चालू होतं. फीनने पूर्णविराम येतो का म्हणून कान टवकारले होते, आला नाही. तो मध्येमध्ये थांबून हिल्डेकडे बघत होता, आणि ती होती.

घोडा नदीत उतरला तेव्हा हिल्डेने हात वर केला.

"पुरे," ती म्हणाली. "बाकीचं घरी सांग. सप्टेंबरात."

ज्याला सगळी शतकं तोंडपाठ होती, त्या लीवनला या एका महिन्याचा अर्थ लागायला बराच वेळ लागला. लागला तेव्हा त्याने सहलीत पहिल्यांदाच, कुणीही न सांगता, तोंड मिटून घेतलं.

मेमेने डोळे उघडले. ती झोपलेली नव्हतीच.

"म्हणजे रीताकडची ती खोली," ती म्हणाली, "समुद्राची, रंग दिलेली, ती आता रिकामीच का?"